धुतलेली किटली

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नच्या दक्षिणेला नदीचा बांध लागतो. बांधावरून सायकल खाली उतरवली की नदी डोक्याच्या वर राहते आणि गाई पायाशी दिसायला लागतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे उलटंच वाटतं. मंजूषाला मात्र आता सवय झाली होती. दर शनिवारी सकाळी ती बांधाखालच्या गोठ्यावर दूध आणायला जाई. गोठ्याच्या भिंतीला एक मशीन होतं. त्याखाली बाटली धरायची आणि बटण दाबायचं. माणसाशी बोलायची गरजच नव्हती. पाच वर्षांत गोठ्याच्या मालकाशी तिचं बोलणं झालं ते एवढंच: तो लांबून हात वर करी आणि तीही करी.

मालकाचं नाव फिनबार ट्वोमी. सगळे त्याला फिन म्हणत. सत्तरीचा, उंच, खांद्यात वाकलेला, अंगात कायम निळा डगला. हा मूळचा डच नाही, आयर्लंडचा आहे, एवढं मंजूषाने ऐकलं होतं. आयर्लंडचा माणूस इथे येऊन गाई का पाळतो हा प्रश्न तिला दूध भरताना अधूनमधून पडे. बाटली भरली की प्रश्न तिथेच राही.

गेल्या ऑक्टोबरात एका शनिवारी गोठ्याचं दार उघडं होतं. आत गवतावर नुकतंच जन्मलेलं वासरू पडलं होतं, ओलंचिंब, आणि गाय त्याला चाटत होती. मंजूषाने बाटली तशीच मशीनखाली सोडली आणि दाराशी गेली.

तिच्या डोक्यात खरवस होता. तिचा नवरा शिरीष अठ्ठावन्नचा झाला तरी खरवसाचं नाव काढलं की लहान होत असे. पुण्याहून आलेल्या पाकिटातल्या पावडरीचा खरवस तिने दोनदा केला होता. दोन्ही वेळा शिरीषने चमचा बाजूला ठेवून म्हटलं होतं, "मंजू, याला टायर म्हणतात. खरवस वेगळा."

"मला थोडा चीक मिळेल का?" तिने विचारलं.

ती डचमध्येच बोलली. ती गावातल्या पाळणाघरात काम करायची, त्यामुळे तिचं डच लहान मुलांना समजेल इतकं स्वच्छ होतं. फिनचं डच पन्नास वर्षं जुनं आणि तरी परकंच. दोघेही उसन्या भाषेत बोलत होते, म्हणून दोघांचं चटकन जमलं.

"कुणासाठी? तुमच्याकडे वासरू आहे?"

"नवरा आहे."

फिन हसला नाही. त्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

"आणि तो चीक पितो?"

"पीत नाही हो. आम्ही तो वाफेवर शिजवतो. मग त्याच्या वड्या पडतात."

"पिवळ्या?" फिनने विचारलं. "ताट हलवलं की थरथरतात?"

मंजूषा बघतच राहिली. डच माणसं चिकाकडे वासराचं औषध म्हणून बघतात. त्याचं काही खायला होतं हे तिला इथे कुणाला पटवून देता आलं नव्हतं.

"तुम्ही खाल्लाय?"

"फार पूर्वी," तो म्हणाला. आत जाऊन त्याने स्वयंपाकघरातल्या खुंटीवरची एक पांढरी एनॅमलची किटली आणली. वासराचं भागवून उरलेला चीक त्यात ओतला आणि झाकण दाबून तिच्या हातात दिली. "पन्नास वर्षं गाई आहेत माझ्याकडे. हा मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

खरवस उत्तम झाला. गूळ, वेलची, थोडं जायफळ. शिरीषने पहिला घास घेऊन डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. "आता हा माणूस मला देवाच्या जागी आहे," तो म्हणाला. मंजूषाने चार वड्या डब्यात काढल्या. किटलीच्या कडेला चीक वाळून चिकटला होता, तो तिने गरम पाण्याने आणि घासणीने खरवडून काढला. किटली आतून आरशासारखी झाली. परत देताना भांडं रिकामं द्यायचं नसतं म्हणून तिने त्यात दोन मुठी साखर घातली आणि मंगळवारी कामावरून येता येता बांधाखाली उतरली.

फिन दारातच होता. त्याने झाकण उघडलं. साखर बघून त्याच्या कपाळावर आठी पडली. मग त्याने बोट आतल्या कडेवरून फिरवलं, एकदा, दोनदा, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"धुतलीत," तो म्हणाला.

"हो, म्हणजे काय!"

त्याने किटली पायरीवर ठेवली आणि सरळ गोठ्याकडे चालू लागला. डबा मंजूषाच्या हातातच राहिला. तिने तो पायरीवर किटलीशेजारी ठेवला आणि घरी आली.

"साखरेला बिचकला असेल," शिरीष म्हणाला. "डायबेटिस असेल बिचाऱ्याला."

"अहो, साखरेचं नव्हतं. धुतली म्हणून होतं ते."

"धुतली म्हणून कुणी रागावतं का? न धुता दिली असतीस तर गोष्ट वेगळी."

"रागावला नाही. घाबरला."

शिरीषलाही मग उत्सुकता लागली, पण तो पद्धतशीर माणूस. पुरेशी माहिती नसताना अंदाज बांधू नये, असं म्हणून तो जेवायला बसला. मंजूषाने तीन दिवस वाट पाहिली. शुक्रवारी दुपारी पाळणाघर सुटल्यावर ती सरळ गोठ्यावर गेली.

वासरू आडवं पडलं होतं. दोन दिवसांपासून त्याला हगवण लागली होती. डोळे खोल गेले होते. फिन गुडघ्यावर बसून त्याच्या तोंडात बाटली धरायचा प्रयत्न करत होता, पण वासराची मान सारखी घसरत होती.

"मान धरा," त्याने न बघताच सांगितलं.

मंजूषाने कामाच्या चांगल्या पँटसकट पेंढ्यात बसकण मारली आणि वासराची मान मांडीवर घेतली. पाळणाघरात अशा माना तिने पुष्कळ धरल्या होत्या. औषधाचं पाणी घोटाघोटाने आत जायला लागलं.

"माझ्यामुळे झालं का हे?" तिने विचारलं.

"नाही. वासरांना होतं असं. दहांत दोघांना होतं. डॉक्टर बघून गेली." त्याने वासराची हनुवटी पुसली. "मला हे सगळं माहीत आहे. तरी मंगळवारी मी वासराकडे धावलोच."

मग वासराला पाजता पाजता त्याने सांगितलं. सलग नाही. मध्येच थांबून तो वासराचा कान चेपून बघे, गार आहे का म्हणून, आणि पुन्हा सुरू करी.

आईबाप त्याला आठवतच नव्हते. बाप आधी गेला, मग आई क्षयाने गेली. दोन वर्षांचा असताना त्याला एका खेड्यातल्या घरी सांभाळायला दिलं. सरकार अशा घरांना मुलं सोपवत असे. त्या घरात एक बाई होती. तो तिला नॅन म्हणे, आजी म्हणावं तसं. तिचं नाव त्याला कधी कळलंच नाही. लहान मूल नाव विचारतं कुठे? दोन गाई, कोंबड्या आणि दारात एक हापसा होता. शेजारी कुणाची गाय व्याली की चीक किटलीतून घरोघर जाई. नॅन त्याचं भांड्यात काहीतरी लावी, पिवळं, थरथरणारं. आणि त्या गावात एक नियम होता: चिकाची किटली परत करताना धुवायची नाही. जशी आहे तशी द्यायची. धुतली तर देणाऱ्याच्या गाईचं भाग्य धुऊन जातं.

"मला नियम माहीत होता का?" फिन म्हणाला. "असेल. नॅनने सांगितलं असेल. पण ती अंथरुणाला खिळली होती आणि मला काहीतरी चांगलं काम करून दाखवायचं होतं. मी हापशावर बसून वाळूने किटली घासली. तुमच्यासारखीच, आरशागत. कोटाला हिरवी तीनपानी डहाळी लावली होती, सणाचा दिवस होता तो. शेजारच्या बाईने किटलीत बघितलं आणि छातीवर क्रूस काढला. दुसऱ्या दिवशी त्यांचं वासरू मेलं. त्यानंतर चार दिवसांनी एक मोटार आली आणि मला घेऊन गेली."

"आणि नॅन?"

"दारापर्यंतही आली नाही."

वासराने एक घोट स्वतःहून ओढला. दोघांनी खाली बघितलं.

पुढचं त्याने भराभर उरकलं. अनाथ मुलांच्या संस्थेत दहा वर्षं. थंडगार शयनगृह, बटाट्याची शेतं, आणि नावाआधी नंबर. सोळाव्या वर्षी एका शेतकऱ्याकडे गडी म्हणून पाठवलं. तिथे त्याला कळलं की गाईंना तो आवडतो. एकोणिसाव्या वर्षी जिवंत जनावरं घेऊन रॉटरडॅमला निघालेल्या बोटीवर तो राखणदार म्हणून चढला. समुद्र खवळला तेव्हा बाकीचे वर गेले, हा मात्र खाली जनावरांत उभा राहिला, कारण एक गाय पडली होती आणि उठत नव्हती. धक्क्यावर जनावरं उतरवून घ्यायला आलेल्या एका शेतकऱ्याने ते ऐकलं आणि त्याला विचारलं, डच येतं का? फिनने मान हलवली. शेतकरी म्हणाला, गाईंना तरी कुठे येतं, चल आठवडाभर. तो आठवडा संपलाच नाही. त्या शेतकऱ्याची मुलगी ट्रूस पुढे त्याची बायको झाली. वीस गाईंच्या साठ झाल्या. ट्रूसला जाऊन आता सहा वर्षं झाली.

"मुलगी आहे ना तुमची?" मंजूषाने विचारलं. वाखनिंगनच्या विद्यापीठात मातीवर संशोधन करणारी कुणी आहे, असं तिने ऐकलं होतं.

"मार्लूस. तिनेच घोळ घातला." त्याने बाटली वर धरून बघितली. "आयर्लंडमध्ये नवा कायदा झालाय. माझ्यासारख्यांना आपली जुनी कागदपत्रं मागवता येतात. तिने माझी सही घेऊन अर्ज केला. जूनमध्ये पाकीट आलं. घड्याळामागे ठेवलंय."

"जूनपासून उघडलं नाहीत?"

"त्यात कारण लिहिलेलं असणार."

"फिन, किटली धुतली म्हणून कुणी मूल पाठवून देतं का?"

"तुम्ही साखर का घातलीत?"

"रिकामं भांडं परत द्यायचं नसतं."

"दिलं तर काय होतं?"

काय होतं हे तिला आईने सांगितलं नव्हतं, आईला आजीने सांगितलं नव्हतं. तरी आजवर तिने एकही भांडं रिकामं दिलं नव्हतं.

फिनच्या डोळ्यांत पहिल्यांदा थोडं हसू दिसलं. "बघा," तो म्हणाला. मग वासराच्या मानेवर हात ठेवून त्याने विचार केला. "हे उभं राहिलं तर पाकीट उघडेन. नाही राहिलं तर चुलीत घालीन. मार्लूसला काही सांगू नका."

मंजूषाने त्याला आपला फोन नंबर लिहून दिला आणि सायकल हातात धरून बांध चढली. घरी गेल्यावर शिरीषला सगळं सांगितलं. तो ऐकत असताना दोनदा म्हणाला, "तारखा काय होत्या?" ती वैतागली. "तुम्हाला मेलं तारखांचं पडलंय. तिकडे वासरू मरतंय."

शनिवारी ती दूध आणायला गेली तेव्हा वासरू आडवंच होतं. रविवारी बातमी नाही. सोमवारी नाही. मंगळवारी सकाळी तिच्या फोनवर एक फोटो आला. पेंढ्यात चार काटकुळे पाय आणि त्यावर डगमगणारं वासरू. खाली एक ओळ: शनिवारी या. नवऱ्याला चष्मा असेल तर त्यालाही आणा, जुनं अक्षर बारीक असतं.

शनिवारी तिघं फिनच्या स्वयंपाकघरात बसले. फिनने कॉफी ओतली, प्रत्येकाला एक बिस्किट दिलं आणि डबा बंद करून कपाटात ठेवला. पाहुण्याला एकच बिस्किट द्यायची इथली रीत; इतकी वर्षं इथे राहून तो तेवढा डच नक्कीच झाला होता. मंजूषाने पायरीवर सोडलेला खरवसाचा डबा धुऊन टेबलावर ठेवलेला होता.

"जायफळ ओळखलं," तो मंजूषाला म्हणाला. "नॅनही घालायची. दुसरं काय होतं?"

"वेलची."

"ते नव्हतं," तो खात्रीने म्हणाला. मग त्याने घड्याळामागून पाकीट काढलं, शिरीषसमोर ठेवलं आणि स्वतः त्यांच्याकडे पाठ करून खिडकीशी उभा राहिला. "मोठ्याने वाचा. पण आधी कारण."

शिरीषने कागद बाहेर काढले. सोळा होते, सगळ्या छायाप्रती, कुठलाही कुठेही. कारण शोधायचं सोडून त्याने आधी ते तारखेप्रमाणे लावायला घेतले. मंजूषाने टेबलाखालून त्याला लाथ मारली.

"थांब गं," तो मराठीत म्हणाला. "क्रम लावल्याशिवाय काही कळत नाही." मग इंग्रजीत म्हणाला, "सांभाळणाऱ्या बाईंचं नाव आहे इथे. नोरा डिनीन."

"नोरा," फिन खिडकीला म्हणाला.

शिरीषने पुढचे दोन कागद वाचले आणि थांबला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"फिन, किटली परत नेली ती तारीख आठवते?"

"सतरा मार्च, आयर्लंडचा मोठा सण. डहाळी लावली होती कोटाला. ती त्याच दिवशी लावतात."

"साल एकोणीसशे साठ?"

"साठ."

"मग इकडे या आणि हे स्वतः बघा."

फिन आला नाही. शिरीष उठला, कागद घेऊन त्याच्याजवळ गेला आणि खिडकीच्या काचेवर टेकवून बोट ठेवलं. एका अधिकाऱ्याचं दोन ओळींचं टिपण होतं. नोरा डिनीन यांचे पती नोव्हेंबरमध्ये वारले. बाई स्वतः आजारी आहेत. संस्थेत जागा होताच मुलाला हलवण्यात यावे. खाली सही आणि तारीख.

"बारा जानेवारी," शिरीष म्हणाला. "तुम्ही किटली घासायच्या दोन महिने आधी. तेव्हा त्या वासराचा जन्मही झाला नव्हता."

फिनने ती तारीख बराच वेळ वाचली. इतक्या लहान ओळीला लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ. बाहेर एक गाय हंबरली आणि त्याने सवयीने मान वळवली, मग पुन्हा कागदाकडे आणली.

"आणखी काही आहे?" त्याने विचारलं.

"तीन पत्रं आहेत. त्यांचीच. संस्थेला लिहिलेली."

"वाचा."

पहिलं एप्रिलमधलं होतं. मुलाचा तपकिरी स्वेटर इथेच राहिला आहे, तो पाठवू का? दुसरं मेमधलं. उत्तर आलं नाही म्हणून स्वेटर पोस्टाने पाठवत आहे. जुन्याला नवी लोकर जोडून बाह्या लांब केल्या आहेत, तो वाढेल. तिसरं पुढच्या वर्षीचं. माझी तब्येत आता बरी आहे, उन्हाळ्यात त्याला दोन आठवडे तरी पाठवाल का? तिसऱ्या पत्राच्या कडेला दुसऱ्याच अक्षरात लिहिलं होतं: उत्तर देण्याची आवश्यकता नाही.

"स्वेटर मिळाला होता?" मंजूषाने हळूच विचारलं.

फिनने मान हलवली. नाही.

"दुसरं पुन्हा वाचा," तो म्हणाला.

शिरीषने वाचलं.

"बाह्यांचं तेवढं पुन्हा."

शिरीषने तेवढं पुन्हा वाचलं. फिनने आपल्या निळ्या डगल्याची बाही मनगटापर्यंत खाली ओढली आणि तशीच धरून ठेवली. मग घड्याळाकडे बघून म्हणाला, "धारांची वेळ झाली." आणि बाहेर गेला. शिरीषने कागद क्रमाने पाकिटात घातले आणि ते घड्याळामागे न ठेवता टेबलाच्या मधोमध ठेवलं.

नोव्हेंबरात दुसरी गाय व्याली. मंजूषा दूध आणायला गेली तेव्हा फिनने न मागता तीच पांढरी किटली भरून हातात दिली. मार्लूसबरोबर तो एप्रिलमध्ये आयर्लंडला जाणार होता. नोराची कबर कुठे आहे हेही कागदांत होतं. तेवढं सांगून तो कामाला लागला.

मंजूषाने खरवस केला. पण या वेळी किटलीला पाणी लावलं नाही. झाकण घालून ती मागच्या दाराबाहेर ठेवली. पाऊस आणि कामाची गडबड यांत बांधावर जायचं राहिलं.

"मंजू, चार दिवस झाले," शिरीष नाक धरून म्हणाला. "ते भांडं आता स्वतःहून चालत परत जाईल."

"जाऊ दे. मी धुणार नाही."

"अगं, तारखेने सिद्ध झालंय!"

"तुमच्या तारखेने. मला पुन्हा त्याचा तसा चेहरा बघायचा नाही."

गुरुवारी संध्याकाळी, उजेड असतानाच, दारावरची बेल वाजली. फिन होता. सायकल कुंपणाला टेकवलेली, केस विंचरलेले, निळा डगला नाही. मंजूषाने त्याला त्या डगल्याशिवाय कधी बघितलंच नव्हतं.

"किटली न्यायला आलो," तो म्हणाला. "चिकासाठी लागणार आहे. अजून एक गाय आजउद्यात व्यायची आहे."

मंजूषाने मागच्या दारातून किटली आणली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. "धुतलेली नाही," ती घाईने म्हणाली. "एक थेंब पाणी लावलेलं नाही."

फिनने झाकण उघडलं. वासाने शिरीष दोन पावलं मागे सरला. फिनने आत बघितलं. कडेला पिवळा, वाळलेला थर होता, जसा त्याने त्या हापशापाशी बघितला असेल तसाच. त्याने बूट दारात काढले, बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि सरळ तिच्या स्वयंपाकघरात बेसिनपाशी गेला.

"घासणी?" त्याने विचारलं.

मंजूषाने दिली. त्याने नळ सोडला आणि किटली घासायला घेतली. आतून, बाहेरून, कडीच्या खाचेतून. घाई नव्हती. मध्येच थांबून तो बोट फिरवून बघे आणि पुन्हा घासे. शिरीष आणि मंजूषा दारात उभे राहून बघत होते. शेवटी त्याने किटली उलटी धरली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबला. मग ती सुलटी करून, चकचकीत, मंजूषापुढे धरली.

"आता साखर," तो म्हणाला.